तारीख होती, पण दिसली नाही



या महिन्यात आधी आमची एक चूक कबूल करतो, मग शिकवायला बसतो.

अंधेरीला आम्ही ज्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, तिथे दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांची सूचना शाळेच्या वेबपानावर टाकायचे काम आमच्याकडे आले. आम्ही चार रकान्यांचा एक तक्ता केला: योजनेचे नाव, कोणासाठी, कागदपत्रे कोणती आणि शेवटची तारीख. स्टाफरूममधल्या संगणकावर तक्ता झकास दिसला. हिरवी चौकट, फिकट राखाडी अक्षरे. सहकाऱ्यांनी वाहवा केली आणि पानाची लिंक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली.

मुदत संपल्यावर दोन दिवसांनी आठवीतल्या एका मुलीची अम्मी सगळी कागदपत्रे पिशवीत घालून आली. उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, सगळे नीट लावलेले. "मुदत परवाच संपली, आपा," असे आम्ही म्हणालो, तेव्हा तिने फोन पुढे केला आणि विचारले, "टीचर, तारीख होती तरी कुठे?"

आम्ही तिच्या फोनवर पान उघडून पाहिले. पडद्यावर दोनच रकाने दिसत होते. तिसरा अर्धा कापलेला होता आणि चौथा, म्हणजे तारखेचा, पडद्याबाहेर होता. बोटाने पान बाजूला सरकवले असते तर दिसला असता. पण पलीकडे काही आहे, हे तिला कळावे कसे? तिने पान वाचले होते. आम्हीच ते तिच्यापर्यंत पोहोचेल असे मांडले नव्हते. त्या वर्षीची रक्कम त्या मुलीला मिळाली नाही.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. पानाची मांडणी म्हणजे सजावट नव्हे. मजकूर बरोबर असूनही तो वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे मांडणी ठरवते. बी.एड.ला आम्हाला फळ्यावरचे लेखन शिकवले होते: मागच्या बाकावरून दिसेल एवढे अक्षर काढा, फळ्याच्या कोपऱ्यात महत्त्वाचे लिहू नका. तोच नियम वेबपानावर आम्ही विसरलो होतो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या संगणक खोलीत आठ-दहा मुलींना घेऊन आम्हीही शिकायला बसलो. त्या अम्मीची मुलगी पहिल्याच दिवशी पुढच्या खुर्चीवर होती. तिथे जे शिकलो ते घरी कुणालाही शिकता येईल म्हणून इथे मांडतो. (पुढे येणारी इंग्रजी नावे आम्ही उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

पहिला सबक: मजकूर वेगळा, रूप वेगळे

वेबपान दोन भाषांत लिहितात. एक एचटीएमएल. ती सांगते की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. दुसरी सीएसएस, म्हणजे कॅस्केडिंग स्टाईल शीट्स. ती सांगते की शीर्षक किती मोठे, परिच्छेद कोणत्या रंगात, यादी कुठे बसवायची.

टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत वेब सुरू केले आणि १९९१ मध्ये ते जगासाठी खुले झाले. तेव्हा रूप ठरवायची वेगळी सोय नव्हती. पुढे लोक मजकुरातच रंग आणि अक्षरांचे आकार कोंबू लागले. सर्नमध्येच काम करणाऱ्या होकॉन व्हिउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी रूपासाठी वेगळी भाषा असावी असा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस त्यांच्या जोडीला आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

याचा फायदा घरच्या उदाहरणाने सांगतो. मुलगी तीच, शाळेत गणवेशात असते, ईदला नव्या जोड्यात. कपडे बदलले म्हणून मुलगी बदलत नाही. तसाच मजकूर एकदाच लिहायचा आणि रूप हवे तेव्हा बदलायचे. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात सगळ्यांना मजकूर एकच आणि प्रत्येकाने फक्त सीएसएस नवे लिहायचे. एकाच मजकुराची इतकी वेगवेगळी रूपे निघाली की पाहणाऱ्याला पान तेच आहे हे पटत नसे.

सीएसएसचे वाक्य लहान असते. आधी कोणाला सजवायचे ते नाव, मग महिरपी कंस, कंसात गुणाचे नाव, पुढे अपूर्णविराम, मग किंमत आणि शेवटी अर्धविराम. उदाहरणार्थ, परिच्छेदाला ‘कलर’ हा गुण आणि ‘ब्लॅक’ ही किंमत. अर्धविराम राहिला की पुढची ओळही बिघडते, आणि ब्राउझर तक्रार करत नाही. न समजलेली ओळ मुकाट्याने सोडून देतो. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यातले निम्मे रडणे या एका अर्धविरामापायी होते. म्हणून मुलींना सांगितले, एका वेळी एकच ओळ लिहा, पान ताजे करून पाहा, मगच दुसरी ओळ.

दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध गेले तर? शाळेचा नियम असतो की सगळ्यांनी पांढरा दुपट्टा घ्यावा. पण मॉनिटरने निळी पट्टी लावावी असे वेगळे सांगितले असेल, तर मॉनिटरपुरता तो खास नियम चालतो. सीएसएसमध्येही सर्वसाधारण नियमापेक्षा नेमका नियम वरचढ ठरतो; दोन्ही सारख्याच वजनाचे असतील तर नंतर लिहिलेला चालतो.

दुसरा सबक: सगळे काही चौकट आहे

वेबपानावरची प्रत्येक वस्तू एक चौकोनी डबा असते. भिंतीवर टांगलेली तस्वीर आठवा. मधले चित्र म्हणजे मजकूर. चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये जो कोरा पुठ्ठा सोडतात ते पॅडिंग. लाकडी फ्रेम म्हणजे बॉर्डर. आणि एका तस्वीरीपासून दुसरीपर्यंत सोडलेली भिंत म्हणजे मार्जिन.

शिकणारे सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात. अक्षरे चौकटीला चिकटली असतील तर पॅडिंग वाढवायचे. दोन चौकटी एकमेकींना चिकटल्या असतील तर मार्जिन. आमच्या त्या तक्त्यात पॅडिंग जवळजवळ नव्हतेच, म्हणून ‘कागदपत्रे’ आणि पुढच्या रकान्यातली अक्षरे एकमेकांना खेटून बसली होती.

आणखी एक गोष्ट. डब्याची रुंदी पक्क्या आकड्यात बांधू नका. आम्ही तक्त्याला १००० पिक्सेल रुंदी दिली होती. बहुतेक फोनचा उभा पडदा ब्राउझरच्या हिशेबाने ३६० ते ४३० पिक्सेलच्या आसपास असतो. हजार पिक्सेलचा तक्ता तिथे मावणार कसा? ‘विड्थ’ऐवजी ‘मॅक्स-विड्थ’ लिहिले की डबा जास्तीत जास्त तेवढा होतो आणि जागा कमी असेल तर आपोआप आक्रसतो.

तिसरा सबक: दस्तरखान

चार गोष्टी शेजारी शेजारी मांडायच्या तर ‘डिस्प्ले’ या गुणाला ‘फ्लेक्स’ ही किंमत देतात आणि सोबत ‘फ्लेक्स-रॅप’ला ‘रॅप’. दस्तरखानावर पाहुणे बसवतो तसेच हे. खोली मोठी असेल तर सगळे एका ओळीत, लहान असेल तर उरलेले दुसऱ्या ओळीत. कुणाला दाराबाहेर बसवत नाही. आमच्या तक्त्याने तारखेला दाराबाहेर बसवले होते.

आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांची मांडणी एकदम करायची असेल तर ‘ग्रिड’ वापरतात. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ग्रिड आले. त्याआधी लोक तक्त्यांच्या आडव्यातिडव्या जुळणीने पाने मांडत. आजही जुन्या पुस्तकांत तीच रीत सापडते. नवीन शिकणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

आणि पानाच्या वरच्या भागात, ज्याला ‘हेड’ म्हणतात, ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ घालायला विसरू नका. ती नसेल तर फोन समजतो की हे संगणकाचे रुंद पान आहे आणि सगळे बारीक करून दाखवतो. त्याच जागी ‘कॅरसेट’ म्हणून ‘यूटीएफ-८’ लिहा, नाहीतर मराठी आणि उर्दूच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात.

चौथा सबक: आपल्या दोन लिप्या

सीएसएसची बहुतेक पुस्तके इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या घरांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणून हा सबक आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुलींना आम्ही घरातली एक गोष्ट दोन्ही भाषांत मांडायला सांगितले होते. त्या आठवीच्या मुलीने आपल्या नानीची सांदणांची कृती निवडली. नानी रत्नागिरीकडची. तिने तांदळाचा रवा, नारळाचे दूध, साखर यांची मापे उर्दूत एका वहीत लिहून ठेवली होती. शाई फिकी पडत चालली होती, आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मामेभावंडांना उर्दू वाचता येत नव्हते. मुलीने आधी वहीच्या पानाचा फोटोच चिकटवला. आम्ही विचारले, "नानीला हा मोठा करून वाचता येईल?" फोटो मोठा केला की अक्षरे फुटत होती आणि ओळ पडद्याबाहेर जात होती.

चित्रातला मजकूर शोधता येत नाही, हवा तसा मोठा होत नाही, आणि अंध माणसाला फोन जे वाचून दाखवतो तेही साध्या चित्राच्या बाबतीत भरवशाने होत नाही. उर्दूने हे खूप सोसले आहे. नस्तालीक लिपीत शब्द तिरका उतरतो, अक्षराचा आकार शेजाऱ्याप्रमाणे बदलतो. छापखान्याच्या खिळ्यांना ते जमेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोड-आकार हाताने लिहून मोनोटाईप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक घडवला. १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि मेजावरच्या संगणकावर उर्दू सजू लागली. पण वेबवर बरीच वर्षे उर्दू पाने चित्र म्हणूनच टाकली जात. आता नोटो नस्तालीक उर्दूसारखा फॉन्ट मोफत मिळतो. उर्दू खऱ्या अक्षरांत लिहिता येते.

मराठीचीही कहाणी आपल्याच उपनगरात घडली. अंधेरीहून जवळच, जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. अक्षरकलेचे उस्ताद आणि कवी प्रा. र. कृ. जोशी आधी पवईच्या आयआयटीत शिकवत आणि नंतर इथे काम करत. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा, आणि ‘रघू’ हा मोफत फॉन्टही त्यांचाच. आपण संगणकावर पहिल्यांदा मराठी पाहिली ती बहुधा मंगलमध्येच. आज मुंबईच्याच एक टाईप या गटाचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मराठी पानांसाठी सुरेख आणि मोफत आहे. त्यांच्या ‘बालू’ या ठसठशीत फॉन्टची अनेक लिप्यांतली भावंडे आहेत: गुरुमुखीतला ‘बालू पाजी’, तमिळमधला ‘बालू तंबी’ आणि उर्दूच्या लिपीतला ‘बालू भाईजान’. हे नाव ऐकून वर्गात जो हशा पिकला, तो थांबवायला आम्हाला डस्टर आपटावे लागले.

आता कामाच्या पाच गोष्टी.

एक: उर्दू परिच्छेदाला एचटीएमएलमध्येच ‘डीआयआर’ म्हणजे दिशा ‘आरटीएल’ द्या, अर्थात उजवीकडून डावीकडे, आणि ‘लँग’मध्ये ‘यूआर’ लिहा. नुसते उजवीकडे सरकवून भागत नाही. दिशा सांगितली नाही तर उद्गारचिन्ह आणि कंस वाक्याच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतात.

दोन: ‘मार्जिन-लेफ्ट’ लिहिण्याऐवजी ‘मार्जिन-इनलाइन-स्टार्ट’ लिहा. त्याचा अर्थ, ओळ जिथून सुरू होते ती बाजू. मराठीत ती डावी, उर्दूत उजवी. एकच नियम दोन्ही भाषांना पुरतो.

तीन: ओळींमधले अंतर, म्हणजे ‘लाइन-हाइट’, वाढवा. मराठीच्या वरच्या-खालच्या मात्रांना साधारण दीडपट ते पावणेदोनपट, आणि नस्तालीकला दुप्पट किंवा त्याहून थोडे जास्त. कातिब मंडळी पुठ्ठ्यावर ठरावीक अंतराने दोरे ताणून मिस्तर करत. त्यावर कागद ठेवून दाबला की ओळींच्या खुणा उमटत. लाइन-हाइट म्हणजे आपला मिस्तर.

चार: ‘लेटर-स्पेसिंग’ला हात लावू नका. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे लांब लांब केली की बरी दिसतात. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि उर्दूत जोडलेली अक्षरे सुटी दिसू शकतात.

पाच: तिरपी अक्षरे टाळा. आपल्या बहुतेक फॉन्टांना खरी तिरपी जोडी नसते. ब्राउझर सरळ अक्षरच कलते करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

मुलीने हे सगळे केले, तरी नानीने फोन हातात घेऊन मान हलवली. "अक्षर आपलं आहे, पण पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं." मुलीने अक्षरे फिकट राखाडी ठेवली होती, आमच्याच तक्त्याचे पाहून. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असे सांगितले आहे. पांढऱ्यावर काळे २१ ला १ असते. मुलीने अक्षरे काळी केली, आकार २० पिक्सेल केला, उर्दू उजवीकडे आणि मराठी डावीकडे ठेवली. फोनवर दोन्ही एकाखाली एक येतील असेही केले. नानीने चष्मा न लावता पहिली ओळ वाचली, मग तिथेच एक माप चुकल्याचे सांगितले. वहीतच चुकीचे लिहिले गेले होते म्हणे, इतकी वर्षे ती अंदाजाने बरोबर घालत होती. फोटोत ते दुरुस्त करता आले नसते.

घरी करायचा सबक

महागडा क्लास लागत नाही. संगणकावर नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर असला की पुरे. सुरुवातीला इंटरनेटही लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअर मराठीतून शिकायचे असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे धडे असतात. एका बाजूला धडा चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. वेबपान शिकतानाही आम्ही हीच रीत धरली.

या महिन्यात एवढेच करा. घरातला एक कागद निवडा: कृती, दवाखान्याच्या वेळा, आजोबांच्या गोळ्यांची यादी. त्याचे एक पान लिहा. एक शीर्षक, दोन परिच्छेद, एक यादी. त्याला सीएसएसच्या दहाच ओळी द्या: फॉन्ट, आकार, रंग, ओळींचे अंतर, पॅडिंग, मार्जिन, जास्तीत जास्त रुंदी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात वर ठेवा. मग ते पान घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, सर्वांत कमजोर नजरेच्या माणसाला दाखवा. "दिसतंय का?" असे विचारू नका, अदबीपायी माणसे हो म्हणतात. "यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा," असे म्हणा. जिथे ते अडखळतील, तिथे तुमचे पान दुरुस्त करा.

शाळेची शिष्यवृत्तीची सूचना आम्ही आता अशीच करतो. तक्ता काढून टाकला. प्रत्येक योजनेची वेगळी चौकट, आणि चौकटीत पहिली ओळ तारखेची, ठळक. पान गटावर पाठवण्याआधी ती मुलगी, आता दहावीत आहे, ते आपल्या अम्मीच्या फोनवर उघडते आणि अम्मीकडून मोठ्याने वाचून घेते. गेल्या वर्षी तिचा अर्ज वेळेत गेला. त्याआधीच्या वर्षाची रक्कम काही परत आली नाही, आणि ते आम्ही विसरत नाही.

तुमचे पान कसे झाले ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, त्याच पानावर चित्र कसे लावायचे ते पाहू.

खुदा हाफिज.